उलटं मिटलेलं पान

ऐन जेवणाच्या गर्दीत खिडकीजवळच्या टेबलावर पान उलटं मिटलं गेलं आणि वाढप्यांच्या कॅप्टनने मला गाठलं. "मॅडम, रिव्हर्स लीफ. राव सर." हातातला चहा तसाच टेबलावर ठेवून मी धावले.

यात धावण्यासारखं काय, ते आधी सांगते. चेन्नईत केळीच्या पानावर जेवलं की उठताना पान मिटायचं असतं. वरचा भाग आपल्याकडे ओढून मिटला तर जेवण आवडलं, पुन्हा येऊ. खालचा भाग उचलून पलीकडे मिटला तर ती तेराव्याच्या जेवणाची रीत. चांगल्या दिवशी तसं कुणी करत नाही. आमचं हॉटेल एग्मोरला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. वर खोल्या, खाली पानावर जेवण वाढणारा मोठा डायनिंग हॉल. मालकांच्या वडिलांनी नियम घालून दिला होता, की गिऱ्हाइकाला अभिप्राय विचारायचा नाही, त्याचं पान बघायचं. माणूस तोंडदेखलं बोलतो, पान खोटं बोलत नाही असं ते म्हणत. उलटं पान दिसलं की कुणीतरी मोठ्या अधिकाऱ्याने स्वतः जाऊन विचारपूस करायची. मी तिथे ट्रेनिंग मॅनेजर होते, त्यामुळे ही धावपळ बहुतेक वेळा माझ्याच नशिबी यायची.

रावकाका म्हणजे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. बँकेतून रिटायर झालेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले, रोज खिडकीजवळच्याच खुर्चीत बसणारे. मी पुण्याची, म्हणून माझ्याशी ते आवर्जून मराठीत बोलत. त्यांचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं आणि हेल मात्र तमिळ. ऐकायला मला फार गोड वाटे. त्यांच्या पानाकडे बघून हॉलमधली निम्मी मंडळी आपलं पान कसं मिटायचं ते ठरवत, म्हणून त्यांचं उलटं पान म्हणजे मोठंच संकट.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"त्या पोरान रसम वाढल, पाहा." त्यांनी पानाच्या कडेला पडलेला एक थेंब दाखवला. खरोखर एकच थेंब होता. "ट्रेनिंग म्हणून काही देता की नाही, बाई?"

तो पोरगा म्हणजे इमॅन्युएल. जर्मनीतल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजातून आमच्याकडे दोन ट्रेनी आले होते, इमॅन्युएल आणि लुकास. दोघं शाळेपासून एकाच वर्गातले, एकाच उंचीचे, दोघंही हॅम्बुर्गमध्ये जन्मलेले. इमॅन्युएलचे आईवडील घानाहून तिथे गेलेले, तो काळा. लुकास इतका गोरा की मरीना बीचवर तासभर फिरून आला तर टोमॅटो होऊन यायचा. किचनमधल्या लोकांना ही नावं जड जात होती, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात इमॅन्युएलचा मणी आणि लुकासचा लोकेश करून टाकला.

कामात दोघं सारखेच होते. म्हणजे सारखेच वाईट. पानावर वाढणं दिसतं तितकं सोपं नाही. मीठ-लोणचं कुठे, भाजी कुठे, आधी सांबार मग रसम, याचा क्रम ठरलेला. त्यातही रसम सर्वांत अवघड. ते पाण्यासारखं पातळ असतं, भातात खळगा करून त्यात अलगद सोडावं लागतं. जोरात सोडलं की पानावरून निसटून थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर. आमच्याकडच्या मुलांनाही हे जमायला वेळ लागतो, या दोघांना कुठून जमणार?

पण मौज बघा. लुकासने एका गृहस्थाच्या नव्याकोऱ्या वेष्टीवर डावभर रसम ओतलं. वेष्टी म्हणजे इकडचं लुंगीसारखं गुंडाळलेलं पांढरं धोतर, त्यावर रसम म्हणजे कायमचा नकाशा. ते गृहस्थ खदाखदा हसले, लुकासला शेजारी उभं करून सेल्फी काढला आणि पान छान आपल्याकडे मिटून गेले. लुकास डाव्या हाताने पापड वाढायचा. एक आजी मला समजावून गेल्या की त्यांच्याकडे तशीच पद्धत असते, बिचारा परक्या देशात किती कष्ट घेतो. तो "वणक्कम" म्हणजे नमस्कार म्हणाला की टेबलं टाळ्या वाजवायची. उच्चार असा करायचा की मला वाटे, शिंकतोय.

इमॅन्युएलने दोन आठवड्यांत बऱ्यापैकी तमिळ उचललं होतं. "इन्नुम् कोंजम् सादम्?" म्हणजे आणखी थोडा भात वाढू का, असं तो नीट विचारायचा. समोरून उत्तर यायचं, "इंग्लिश प्लीज." उजव्या हाताने वाढायचा, तरी एका बाईंनी त्याला आधी हात धुऊन यायला सांगितलं. आणि सगळे त्याला सिंहांबद्दल विचारत. तो मला म्हणाला, मॅडम, मी आयुष्यात पहिला सिंह हॅम्बुर्गच्या झूमध्ये पाहिला, तेव्हा शाळेची सहल होती आणि लुकास माझ्या शेजारी उभा होता, त्याला का नाही कुणी विचारत?

मला राग येत होता, पण राग काही ट्रेनिंगच्या वेळापत्रकात बसत नाही.

सोमवारी आमच्या जनरल मॅनेजरची, वेंकटेशन सरांची मीटिंग असे. त्यांनी आल्याआल्या सांगितलं की इमॅन्युएलला लाँड्रीत हलवा. उलटी पानं सगळी त्याच्याच टेबलांवर होती. मी म्हटलं, सर, लाँड्रीत गेला तर त्याचा सर्व्हिसचा भाग अपुरा राहील, कॉलेज सर्टिफिकेट देणार नाही, पोराचं आख्खं सत्र वाया जाईल. दोघांचं काम सारखंच कच्चं आहे, हवं तर स्वतः येऊन बघा.

"मॅडम, मी कुणात भेद करत नाही," वेंकटेशन सर कळवळून म्हणाले. "पण पान उलटं आहे. पानापुढे मी काय करणार?"

शेवटी मी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मुदत मागितली खरी, पण तिचं करायचं काय ते मला मुळीच सुचलेलं नव्हतं.

सुचलं ते स्टोअररूममध्ये. टेबलक्लॉथ मोजायला गेले तर मागच्या रॅकवर करोनाच्या दिवसांतले पीपीई किट खोक्यांत तसेच पडलेले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, मास्क, हातमोजे, काळपट गॉगल. आत माणूस आहे की पोस्टाची पेटी, बाहेरून कळू नये. मी तिथेच बसून हसले. मग वर जाऊन वेंकटेशन सरांना सांगितलं की शनिवारी दुपारी हायजीन ड्रिल घ्यायचं आहे, एकच पंगत. त्यांना हायजीन हा शब्द फार आवडतो. पूर्ण ऐकण्याआधीच ते हो म्हणाले.

शनिवारी सहा वाढपी सूट घालून हॉलमध्ये आले. चंद्रावर उतरल्यासारखे सावकाश चालत, हातात सांबाराच्या बादल्या. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने मोठा नंबर टाकला होता. कोणता नंबर कुणाचा ते मला आणि कॅप्टनला ठाऊक होतं. पहिला परिणाम असा झाला की दारातून दोन कुटुंबं परत गेली. एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, नवीन काही आलंय का, खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. वेंकटेशन सर काउंटरमागे उभे राहून रक्तदाबाची गोळी शोधत होते. हायजीन म्हणजे हे असलं काही असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

रावकाका मात्र वेळेवर आले, आपल्या खुर्चीत बसले आणि या वेषांतराकडे बघून त्यांना गंमत वाटली. "कोण कोण ते मला ओळखू येतच," ते मला म्हणाले. "हात पाहिला की पुरे. तीस वर्ष कॅशवर बसलो, बाई. माणूस हातावरून कळतो मला."

चार नंबरने त्यांच्या पानावर भात वाढला, मग सांबार. पुढ्यात खळगा करून, कडेला थेंब न सांडता. काकांनी मान डोलावली. "हा लोकेश. माया पाहा किती त्याच्या हातात."

मग दोन नंबर रसमची बादली घेऊन आला. त्याने डाव उचलला आणि धरण फुटावं तसं रसम सोडलं. भाताचा खळगा वाहून गेला, पापड तरंगायला लागला, काकांनी दोन्ही पाय वर घेतले म्हणून वेष्टी वाचली. "हा मणी," काका दातओठ खात म्हणाले. "सूटात असला तरी लपतो काय?"

शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने तेवढ्यात चार नंबरला थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. पांढऱ्या सूटात हा नक्की तो गोरा मुलगा, असं त्यांचं एकमत होतं.

जेवण संपलं. रावकाकांनी मला दिसेल अशा बेताने पानाचा खालचा भाग उचलला आणि उलटं मिटलं. नियमाप्रमाणे मी गेले. या वेळी वेंकटेशन सरही मागोमाग आले.

"लाँड्री की काय म्हणत होतात," काका सरांकडे बघून म्हणाले, "धाडून द्या त्याला. आता पुसण्यासारख काही राहिल नाही."

मी दोन आणि चार नंबरला बोलावलं आणि म्हटलं, बाबांनो, काढा आता, गुदमराल. दोघांनी मास्क, गॉगल, टोप्या काढल्या. दोन नंबर लुकास होता, लालबुंद, केसांतून घाम गळत होता. चार नंबर इमॅन्युएल. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हातातल्या मोबाइलकडे बघितलं, इमॅन्युएलकडे बघितलं, आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

लुकास रडवेला होऊन काकांची माफी मागायला लागला. आणि तेव्हा जे झालं ते मी विसरू शकत नाही. काकांच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. "अरे, तू काय? असू दे, असू दे," म्हणत त्यांचा हात पानाकडे गेला. मिटलेलं पान त्यांनी अर्धं उघडलंसुद्धा, सुलटं मिटायला.

तिथे त्यांचा हात थांबला. पान अर्धवट उघडं, त्यातून रसमची धार टेबलावर यायला लागलेली. काका त्या पानाकडे बघत बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुणं," ते म्हणाले.

तिथे मला एकटीलाच ते कळलं. काका पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले होते, तेव्हाची हकिगत त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवली होती. काका काळेसावळे. मांडवात जो तो त्यांच्याशी हिंदीत बोलत होता, आणि त्यांनी मराठीत उत्तर दिलं की म्हणत होता, अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता. ज्याच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात असा माणूस. आणि पुण्याची असल्याने दर वेळी मीच ओशाळायचे.

काकांनी उघडलेलं पान पुन्हा पलीकडेच मिटलं, उलटंच. हाताने दाबून घट्ट केलं.

"रसम वाईट वाढलंस," ते लुकासला इंग्रजीत म्हणाले. "फार वाईट. हे पान तुझं." मग इमॅन्युएलकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "सांबार बरं होतं. भात थोडा जास्त झाला." आणि हात धुवायला गेले.

लुकासच्या नावावरचं ते पहिलं उलटं पान. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि जरा रागावूनच म्हणाला, इतके दिवस मी चुकत होतो तर कुणी सांगितलं का नाही? मी म्हटलं, बाळा, तुझ्या चुकांचे लोक फोटो काढत होते. दुसऱ्या दिवसापासून तो रिकाम्या हॉलमध्ये पाण्याची बादली घेऊन रसम सोडायचा सराव करायला लागला. समोर पान मांडून इमॅन्युएल बसायचा आणि मनसोक्त शिव्या घालायचा.

लाँड्रीचा विषय वेंकटेशन सरांनी पुन्हा काढला नाही. दोघांची सर्टिफिकेटं एकाच दिवशी सही होऊन गेली. गिऱ्हाइकं सगळी बदलली असं मात्र समजू नका. शेवटच्या दिवसापर्यंत लुकासला टाळ्या मिळत होत्या आणि इमॅन्युएलला सिंह. वेंकटेशन सरांनी एवढं केलं, की पान उलटं दिसलं की आधी पानात काय सांडलंय ते बघायचं, वाढणारा कोण ते नंतर विचारायचं, असा नवा नियम लावला. माझ्या नोकरीतलं हे एकमेव पॉलिसी चेंज, तेही पीपीई किटच्या कृपेने.

रावकाका त्यानंतर रोज दोघांनाही आपल्याच टेबलावर मागून घेत. एकाने मीठ चुकीच्या जागी ठेवलं की झापायचे, दुसऱ्याने पापड मोडका दिला की त्यालाही तितकंच झापायचे. आवाज पार काउंटरपर्यंत यायचा. एकदा इमॅन्युएल त्यांच्या टेबलावरून रिकामी बादली घेऊन आला तो हसतच.

"काय झालं?" मी विचारलं.

"राव सर म्हणाले, आम्ही दोघंही गाढव आहोत," तो म्हणाला. "मॅडम, दोघंही."