मनगटावर घेतलेलं पाणी

मव्हं शिक्षण इचारू नका. चौथीत मास्तर म्हणले, "तू घरी बैस, तुला बी बरं आन आमाला बी बरं." मी लई आज्ञाधारक. तवापासून शाळंच्या रस्त्यानं बी गेलो न्हाई.

असला माणूस औषधाच्या संशोधनात नोकरीला लागला. हसा. समदं गाव हसलतं. पारावर बसलेली पोरं मला बघितलं की वरडायची, "काय बे डाक्टर, आज कुणाला मारलं?"

बीडला एका डाक्टरकडं गुडघ्याच्या नव्या गोळीची तपासणी चाललती. लिंबागणेशच्या अंगाच्या खेड्यांतून गुडघे गेलेली म्हातारी माणसं जीपात घालून आणायची, त्यांचं रक्त काढलं की बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसायचं, आन तपासणी बघणाऱ्या मॅडम लिहून घ्यायला बसल्या की म्हाताऱ्यांपुढं दुखण्याचा तक्ता धरायचा. एवढंच मव्हं संशोधन. तक्त्यावर तोंडं काढलेली व्हती. पयलं खळखळून हसणारं, शेवटचं धाय मोकलून रडणारं, मधली आमच्या भावकीसारखी. "आज किती दुखतंय? बोट ठेवा," असं म्या इचारायचं आन मॅडमनी लिहायचं. कुणाला खरी गोळी अन् कुणाला नुसती खोटी, ते मॅडमला बी ठावं नसायचं.

वांधं झालं मव्ह्या तोंडापायी. मला गप बसवत न्हाई. एखादी आजी रडणाऱ्या तोंडाकडं बोट न्यायला लागली की मी म्हणायचो, "आजी, तिथं नको, ते मव्हं लग्नातलं तोंड हाय." आजी पदर तोंडाला लावून हसायची आन बोट जायचं हसणाऱ्यावर. असं करता करता मव्ह्या जीपातल्या समद्यांचेच गुडघे बरे व्हायला लागले. मॅडमनी मला बाजूला बोलवलं.

"ह्यांना गोळीनं बरं वाटतंय का तुमच्यामुळं, ते मला कसं कळणार हो?"

मला वाटलं शाबासकी हाय. मी लाजलो. ती शाबासकी नव्हती.

मॅडमनी मला नेम घालून दिला. इचारताना हसायचं न्हाई, धीर द्यायचा न्हाई, तोंड कोऱ्या भिंतीसारखं ठेवायचं. "तुमी हसलात की समोरचा तुमच्यासाठी हसतो," त्या म्हणल्या. मी घरी आरशापुढं कोऱ्या भिंतीचा सराव केला. बायको चुलीपासून वाकून बघायची. म्हणायची, "अवं, पोटात कळ आलीया का? ओवा देऊ?"

त्याच तपासणीत मव्ही सासू बी व्हती. आमच्यात सासू जावयाशी सरळ बोलत न्हाई. कपाळावर पदर वढून, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, आन जावयानं ते भिंतीकडून ऐकायचं. मी तक्ता धरला की सासूबाईचं बोट पटकन हसणाऱ्या तोंडावर. आन जीपातून उतरताना दर पावलाला "आई गं, आई गं." मला काई कळंना. बायकोला सांगितलं तर ती मलाच हसली. "जावयापुढं रडक्या तोंडावर बोट ठिवंल का ती? माहेरची काई अब्रू हाय का न्हाई?" दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमला सांगितलं, तर त्यांनी तक्ता एका पोरीच्या हातात दिला. सासूबाईनं बोट ठेवलं ते थेट शेवटच्या तोंडावर.

पुढं तपासणी सरली, जीप गेली. गोळीचं काय झालं ते मला कुणी सांगितलं न्हाई. तक्ता तेवढा कुणाला नको व्हता, तो मी घरी आणला आन बायकोनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला. डाक्टर म्हणले, "तुला माणसाची सवय हाय, दवाखान्यात पेशंट संभाळशील का?" असा मी बीडच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या कामाला लागलो. शिकलेल्या पोरांना तिथं ब्रदर म्हणत्यात, आन मव्ह्यासारख्याला मामा. निळं शर्ट, निळी पॅन्ट. घालून घरी आलो तर बायको म्हणली, "एसटीचा पडदा गुंडाळल्यावानी दिसताय."

पयल्या दिवशी एका रिटायर गुरुजीच्या खाटंजवळ गेलो. मॅडमचा नेम अंगात मुरलेला. तोंड भिंत केलं आन इचारलं, "गुरुजी, आज किती दुखतंय?" गुरुजींनी मव्ह्या तोंडाकडं बघितलं आन मोठ्यानं गळाच काढला. "खरं सांगा मामा, डाक्टर काय म्हणले? लेकीला बोलवून घेऊ का?" गुरुजीला साधा हर्निया व्हता. मोठ्या सिस्टर पळत आल्या, "मामा, माणसावानी तोंड करा!" आता माणसावानी कसं करायचं ते मी इसरलो व्हतो. मंग गुरुजीला अंघूळ घालायला घेतलं तर पाणी वतल्याबरूबर गुरुजी बसल्या जागी उडाले. कढत व्हतं. मला कोमट वाटलतं. मोठ्या सिस्टरनी मव्हा हात धरून उलटा केला. "ह्या तळव्यांना काय कळणार? ऊस तोडून तोडून चामडं झालंय. पाणी मनगटावर घ्यायचं, आतल्या अंगाला. तिथली कातडी कुणाचीच जाड नसती."

गुरुजीला मी मव्ह्या शाळंचं सांगितलतं. जाताना मला म्हणले, "चौथीत असता तर मी बी घरीच बसवलं असतं." पण हात जोडून गेले.

मी शिकलो. कुशीवर कसं वळवायचं, चादर माणसाखालून कशी काढायची, पाठीला जखम व्हऊ नये म्हणून काय करायचं. म्हाताऱ्यांची मला घाण वाटली न्हाई. घरी येऊन बायकोला समदं सांगायचो. मनगटाचं बी सांगितलं. ती म्हणली, "एवढी वर्सं मला कढत पाणी काढून देत व्हता, ते त्या तळव्यांपायी व्हय?"

मंग तिचं पोट दुखायला लागलं. तिनं ओवा खाल्ला, मी बी खा म्हणलं. पिवळी पडली तव्हा डाक्टरकडं नेली. गाठ व्हती, आन ती लिव्हरात पसरलती. औरंगाबादला नेऊन आणली. तिथल्या डाक्टरनं मला शेजारी बसवून सांगितलं की आता घरीच ठेवा. मी त्याला म्हणलं, "मला बी मास्तरनं असंच सांगितलतं." तो हसला न्हाई. मी बी न्हाई.

आमाला लेकरू न्हाई. घरात ती आन मी. मला वाटलं, ठीक हाय, बाकी काई येत न्हाई पर हे तर येतं. जगाच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतोय, हिला काय अवघड. मी पाणी काढलं, मनगटावर बघितलं, टावेल घेऊन खाटंजवळ बसलो आन तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय वढून घेतला.

"नको."

"कावून?"

"नवऱ्याच्या हातानं पाय धुवून घेऊ? वर गेल्यावर त्यो इचारंल, त्याला काय सांगू?"

म्या म्हणलं, मव्हं नाव सांग. ती म्हणली, नवऱ्याचं नाव घेऊ व्हय? मी लई समजावलं. तिनं पदर गच्च वढला आन भिंतीकडं तोंड केलं, आईवानी. शेवटी सासूबाईला बोलवून घेतलं. ती म्हातारी गुडघे धरत धरत लेकीला पुसायची. मी बाहेर उंबऱ्यावर बसायचो. तिचा हात पुरत नसायचा, जोर लागत नसायचा, लेकीला वळवता येत नसायचं. पाठीला लाल चट्टा उठला. मला आतून कळ यायची. मव्ह्या हाताला समद्या बीडचे पेशंट चालत व्हते, एक तीच चालत नव्हती. डाक्टर म्हणले व्हते, लई दिवस न्हाईत. मला एकच भ्या वाटायला लागलं, की ही मव्हा हात लागल्याशिवायच जाईल.

एका दुपारी मी ड्युटीवरनं आलो. सासूबाईला थंडी वाजून ताप आलता, ती कोपऱ्यात घोंगडी घेऊन पडलती. बायकोचं अंग घामानं चिकट झालतं. तिनं मव्ह्याकडं बघितलं. मी त्या निळ्या कपड्यातच व्हतो. लई येळ बघत राह्यली.

"मामा," ती म्हणली.

मला वाटलं गुंगीत बरळती. मंग तिच्या व्हठाच्या कोपऱ्याकडं बघितलं. बरळत नव्हती.

"मामा, लई घाम आलाय. पुसून देता का?"

मी पाणी आणलं. मनगटावर घेतलं. तिनं बी आपला हात पुढं केला, म्हणून तिच्या बी मनगटावर थेंब टाकला. "चालंल," ती म्हणली. मी तिचे पाय पुसले. तिच्या टाचंला बारीक भेगा व्हत्या, त्यातून ऊसतोडीच्या फडातली माती आजून गेली नव्हती. तिनं डोळे मिटलेले.

"मामा, लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय की."

"बायको कशी हाय?"

"लई तरास देती. हात लावू देत न्हाई."

"का बरं?"

"पाप लागतं म्हणती."

मी तिला कुशीवर घेतलं, पाठ पुसली, चट्ट्याला मलम लावलं. मंग ती भिंतीकडं बघत म्हणली, "तिला येड लागलंय म्हणावं."

मला लई हसू आलं. ती बी हसली. हसता हसता तिचा हात पोटावर गेला. मी उठलो, पिठाच्या डब्यावरचा तक्ता काढला, पीठ झटकलं आन तिच्यापुढं धरला.

"किती दुखतंय? बोट ठेव."

तिनं हसणाऱ्या तोंडावर बोट ठेवलं. पटकन. आईवानीच.

मी हसू पुसून टाकलं. मॅडमनी शिकवलेली कोरी भिंत तोंडाला आणली. म्हणलं, "बाई, मी जावई न्हाई, नवरा न्हाई. मी दवाखान्यातला मामा हाय. किती दुखतंय?"

तिचं बोट तक्त्यावर तसंच राह्यलं. मंग सरकलं. एक तोंड, दुसरं तोंड, सरकत सरकत शेवटच्या तोंडावर जाऊन थांबलं. तिनं बोट तिथं ठेवलं आन काढलंच न्हाई.

मी त्याच येळंला डाक्टरकडं गेलो. त्यांनी दुखणं मारायचं इंजेक्शन चालू केलं. सिस्टरनी मला टोचायला शिकवलं. ती शांत निजायला लागली. त्याच्यानंतर मी रोज घरात आलो तरी निळे कपडे काढत नव्हतो. सासूबाईचा ताप गेला तरी बायकोला पुसायचं काम मव्ह्याकडंच राह्यलं. सासूबाई पदर वढून कोपऱ्यातून बघायची.

बायको एका सकाळी गेली. दिवस चांगला वर आलता, शेजारणीचं दळण चाललतं.

अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाणी ठेवलं. बायकांनी लुगड्यांचा आडपडदा धरला. बाईला बायाच न्हाऊ घालत्यात, तिथं नवऱ्याचं काम न्हाई. कुणी तरी म्हणलं, "नशिबाची हाय, कुकवासकट गेली." म्हंजी मी जिता हाय हे तिचं नशीब. मव्ह्याबद्दल एवढं चांगलं गावात पयल्यांदाच कुणी बोललं.

पडद्यापलीकडं घागर वाजली. चुलीखाली जाळ मोठा व्हता, पाण्यातून वाफ निघत व्हती. मला ऱ्हाववंना.

"पाणी कोमट हाय का?" मी वरडलो.

शेजारचा भाऊबंद मव्ह्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणला, "येड्या, आता कुठं भाजतंय तिला?"

तेवढ्यात पडद्याआडून सासूबाई बोलली. भिंतीला न्हाई, मला.

"हाय, बापू. मनगटावर घेऊन बघितलं."

"वळवताना मान धरा."

"धरली."