कडू झालेलं संत्र्याचं सरबत

दिवाळीचे पाहुणे दारात आले, की मगच मी संत्री पिळायला घेते. सालीचा वास बोटांना लागला, की सौंसरचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं.

धाकट्या जावेची ती पहिली दिवाळी. सकाळपासून कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळत होते मी, आणि घरभर कौतुक चाललं होतं तिचं. मी मनातल्या मनात जळत होते. "ताई, सरबत आताच करून ठेवू काय?" तिनं विचारलं. आमचा संत्र्याचा बगीचा. पिळून ठेवलेला रस कडू होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती शहरातली, तिला कुठून माहीत असणार? "ठेव ना व," मी म्हटलं.

दुपारी पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि गिलास खाली ठेवले. तिचा चेहरा एवढासा झाला. मी पदराआड हसलेही असेन. तेवढ्यात मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, आपला गिलास रिकामा केला.

"बढिया झालं, पोरी. अजून दे."

माझं सरबत आजवर कधी कडू झालं नाही. पण मामाजींनी माझ्याकडे दुसरा गिलासही कधी मागितला नाही.