तुळशीराम मिस्त्रींचा कान

तुळशीराम मिस्त्री चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि मग मला म्हणायचे, "दिन्या, आता तू आयक. अन् काढ बे याचा आवाज." मी ऐकायचो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात, हुबेहूब काढायचो. चिखलीतल्या आमच्या गॅरेजात बसलेले ड्रायव्हर हसून हसून लोळायचे. मला वाटायचं, आपल्याला फिटर म्हणून नाही, करमणूक म्हणून ठेवलंय. होतोही मी तसाच. हेडमास्तरांचा खोकला काढून शाळेत छड्या खाल्लेला माणूस!

मागून कोणी "ओ मिस्त्री!" केलं तर ते वळायचेच नाहीत. मी त्याला रुबाब समजायचो, आणि त्याचीही नक्कल करायचो.

हात मात्र बोलका. इंजिन खोललं की टॅपेट एकेक पुसून ओळीनं मांडायचे. टॅपेट म्हणजे छोटा लोखंडी ठोकळा. खाली कॅमचा दांडा फिरला की त्यावरचं नाक याला वर ढकलतं, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, उघडतो. मिस्त्री दोन टॅपेटांचे तळ एकमेकांना लावून उजेडात धरायचे. "तळ जरासाक फुगीर पाह्यजे. डुललं तं जितं हाय. चिपकून बसलं तं घसलं." मग कॅमच्या नाकावरून नख फिरवायचे. "नख अडलं का समज, दोघं एकमेकाले खाऊन राह्यले. भाईर काईच दिसत नाही बे. आतल्या आत."

जळगाव जामोदचे नामदेवराव स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचे. त्यांच्या इंजिनात आम्ही नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. जुना कॅम आत तसाच होता. सुरू केलं तर टिकटिक. नुसती टॅपेट-व्हॉल्व्हमधली फट वाढली असेल तर अर्ध्या तासाचं काम. कॅम झिजला असेल तर सगळं पुन्हा खोला. नामदेवरावांना दुसऱ्या दिवशी सरकी भरायची होती.

"काढ," मिस्त्री म्हणाले.

सात-आठ जण जमले होते. टिकटिकीच्या मागं मधूनच एक दबका ढप येत होता. पण तो आला की ठेका मोडायचा. म्हणून मी तो गाळला, आणि टिकटिक अशी रंगवली की नामदेवरावांनी टाळीच वाजवली. "वा रे पठ्ठ्या!"

"इतलाच?" मिस्त्रींनी विचारलं.

"इतलाच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फट जुळवली आणि गाडी सोडली.

तिसऱ्या दिवशी राजूरच्या घाटात भरलेला ट्रक चढावर दमला, बंद पडला. ब्रेकला भार पेलला नाही. मागं घसरत कठड्यावर आदळला. नामदेवरावांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रक ओढून आणल्यावर मिस्त्रींनी कॅम काढला. एक नाक वापरलेल्या साबणासारखं गोल झालं होतं; व्हॉल्व्ह पुरता उघडत नव्हता, म्हणून चढावर जोर गेला. त्यावर नख ठेवून ते बसून राहिले.

"तुले याचा ढप आयकू आलता?"

"हो."

"मंग काऊन नाही काढलं?"

"लोकं हसून राह्यले होते, मिस्त्री."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "मले दोन साल झाले, इंजनाचं काईच आयकू येत नाही. तुह्याच तोंडानं आयकत होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. मिस्त्री खाटेशी उभे राहून म्हणाले, "नामदेवराव, कान माहा चुकला."

नामदेवरावांनीच आमची समजूत काढली. "जाऊ द्या हो. नशिबात होतं." मग माझ्याकडे वळून हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तू काऊन तोंड पाडून उभा बे? त्या दिशी कसा मस्त आवाज काढला होता! काढ ना एकदा."

मी मिस्त्रींकडे पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "आता पूरा काढ."

मी काढला. टिक टिक टिक टिक... ढप. टिक टिक... ढप.

नामदेवरावांचं हसू जागीच थांबलं. घाट चढताना हाच आवाज त्यांच्या पायाखाली वाजत होता.