पांढरं न झालेलं मोरचूद

बारावीच्या प्रात्यक्षिकाची बाह्य परीक्षक म्हणून मी नांदेडहून लातूरच्या एका कॉलेजात गेले होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप गंजलेलं. बेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या, परीक्षानळीत मेलेलं झुरळ.

"पोरं दिवसभर क्लासला असतात, मॅडम," तिथले सर हसत म्हणाले. "इकडं फक्त परीक्षेला येतात."

मी सगळ्यांना मोरचूद तापवायला सांगितलं. त्याचे निळे खडे तापवले की त्यातलं पाणी उडून जातं, पांढरी भुकटी उरते. पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते. इतका सोपा प्रयोग.

स्पिरिटचे दिवे पेटले आणि नळ्यांतून तडतड सुरू झाली. मोरचूद असं तडतडत नाही. मी बाटलीतले खडे पाण्यात टाकले. खडे विरघळले आणि तळाला निळा गाळ बसला. जाड मिठाला कपड्यांची नीळ चोळून बाटली भरली होती!

मुलांच्या हातातल्या नळ्या निळ्याच होत्या. उत्तरपत्रिकेत मात्र प्रत्येकानं लिहिलं होतं: 'निळा रंग जाऊन पांढरी पूड मिळाली.'

फक्त एका मुलीचा कागद कोरा होता. "मॅडम, माझं पांढरं होऊनच नाही राहिलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझंच काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही, बाळ. जे दिसलं ते लिही." तिनं लिहिलं: 'रंग निळाच राहिला.'

बाहेर समोरच खतांचं दुकान होतं. तिथून मी चिमूटभर खरं मोरचूद आणलं आणि तिच्यासमोर तापवलं. खडे पांढरे पडले. तिनं स्वतः थेंब टाकला, निळाई परतली, आणि ती "अगं बाई!" म्हणून हसली. बाकीचे जागचे हलले नाहीत. एकानं विचारलं, "मॅडम, हे एंट्रन्सला येतं का?"

सरांनी गुणांचा तक्ता पुढं केला. सगळ्यांना पैकीच्या पैकी, आधीच भरलेले.

"हे मीठ आहे, सर."

"हाव, मीठच हाय. दरवर्षी तेच असतंय. आजवर कुणी विचारलं न्हाई. पोरांचं वर्ष कशाला वाया घालवता?"

मला त्यांची शिसारी आली. मग मी तक्त्यावर सही केली, तेव्हा स्वतःचीही आली. खरं लिहिणाऱ्या त्या मुलीला आणि खोटं लिहिणाऱ्या सगळ्यांना सारखेच गुण मिळाले. जेवायला थांबायचा सरांनी आग्रह केला. मी थांबले नाही.