झाडांना आडवा गेलेला साडू

अख्ख्या नगर जिल्ह्यात वृक्षारोपणाचं नाव काढताच चवताळणारा माणूस एकच असेल, आणि नेमका तो माझा साडू आहे. तसे गृहस्थ सज्जन. नगरला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. पण गिऱ्हाईक आलं की अक्षरांचा तक्ता राहतो बाजूला, हे त्याला दारात नेऊन विचारतात, "समोरच्या तारेवर काय बसलंय?" कोतवाल पक्ष्याला कावळा म्हणणाऱ्याचा नंबर हमखास वाढतो, असं गावात बोललं जातं. त्यांच्यासमोर 'पडीक जमीन' हा शब्द काढायची सोय नाही. भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी तो काढला, तर साडूभाऊ भरल्या ताटावरून उठले. "पडीक नाही, माळरान म्हणा! तिथं गवतच हवं. गवतातल्या पाखरांना झाड म्हणजे शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यानं टेहळणीला बांधलेली माडी!" व्याही बिचारे हातात जिलबी धरून "माळरान, माळरान" म्हणत राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी जामखेडच्या बाजूला एका गावानं माळावर गुलमोहर लावायचं ठरवलं. मांडव पडला, खड्डे घ्यायला जेसीबी आला. आणि त्याच माळावर धाविक पक्ष्याच्या जोडीनं उघड्या जमिनीवर अंडी घातलेली. साडूभाऊंनी जेसीबीपुढं स्कूटर आडवी घातली आणि छत्री उघडून सीटवर बसले. मेव्हणीनं मला त्यांना घरी आणायला धाडलं, तर त्यांनी मलाच शेजारी बसवून घेतलं. सरपंचबाई तणतणत आल्या.

"काका, झाडांना आडवं येनारा मानूस पयल्यांदाच बघितला! लोक काय म्हनतील?"

"घरच्यांना हुसकून पाहुणे बसवू नका, एवढंच सांगा लोकांना."

"आवो, पन हितं हाय काय? नुसती कुसळं!"

साडूभाऊंनी दुर्बीण पुढं केली. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. रणरणत्या उन्हात धाविक चोच उघडी टाकून, अंगाची सावली अंड्यांवर धरून उभी होती. बाईंचा आवाज उतरला. "रोज मेंढरांत पळताना दिसतंय ह्ये. पन असं कवा बघितलं न्हाई." मग वळून ड्रायव्हरवर ओरडल्या, "मशीन शाळंकडं घे! झाडं तितं लावू."

शाळेतल्या समारंभात एका पाहुण्यानं साडूभाऊंना पर्यावरणाचे शत्रू ठरवलं. सर्वांत जोरात टाळ्या साडूभाऊंनीच वाजवल्या.

पण प्रत्येक माळाला अशी सरपंचबाई भेटत नाही. कर्जतकडच्या ज्या माळावर त्यांनी ऐन तारुण्यात माळढोक पाहिला, तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेत. तरी दरवर्षी ते मला तिकडं ओढून नेतात. माळढोक कित्येक वर्षांत दिसलेला नाही. परवा न राहवून मी विचारलं, "भाऊ, संपला म्हणायचा का आता?"

"ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं. मी म्हणणार नाही."

मान ताठ होती, आवाज मात्र जरा घसरला. तेवढ्यात दगडांच्या पलीकडं गवत सळसळलं. वाराच असणार. पण वळून पाहिलं आम्ही दोघांनीही.