बिडीच्या मापाचं पेन

चांदसाहेबांच्या मते पेन गोल असावं, काळं असावं आणि इतकं गुळगुळीत असावं की माशी बसली तर घसरावी. सांगलीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत ते सव्वीस वर्षं पायानं चालवायच्या लेथवर एबोनाइट नावाच्या कडक रबराचे दांडे कातून अशी पेनं करत आले होते. पॉलिश त्यांची बायको मेहरुनबी करायची. कुणी लाल पेन मागितलं, तर ‘ते मास्तरांना शोभतं’ म्हणून चांदसाहेब त्याला वाटेला लावत. टोपणावर ते नावाची खूण म्हणून चंद्रकोर कोरत. निम्म्या गिऱ्हाइकांना तो ओरखडा वाटे. दोघांनी तर पेन बदलून मागितलं होतं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात जतकडचा एक निवृत्त हवालदार दुकानात आला. नाव तात्याबा. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता.

“मिस्त्री, ह्या हातानं सही हुईल असं पेन पायजे. सोमवारी पंचायतीची पयली बैठक हाय. निवडून आलोय मी.”

“डावा अंगठा शाबूत आहे की. तो लावा.”

“गावातबी एकजण हेच म्हनतोय. तो पडल्याला उमेदवार हाय.” तात्याबा पायरीवर टेकला. “पलटणीत भरती झालो तवा अंगठा लावला. तितं लिवायला शिकलो, चौदा वर्सं सही करूनच पगार घेतला. आता गावाफुडं परत अंगठा लावू व्हय?”

“डाव्या हातानं सही?”

“करून बगितली. कोंबडी चालल्यावानी दिसती.”

चांदसाहेबांनी त्याच्या हाताचं माप घेतलं. अधू हाताला जाड मूठ, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तो केला नाही. शुक्रवारी तात्याबा आला तेव्हा उसाच्या कांड्यासारखं जाडजूड, आरशासारखं चकचकीत पेन तयार होतं. तात्याबानं चारी बोटांनी ते तळहाताशी आवळलं आणि ‘ता’ काढला. काना पुरा व्हायच्या आत पेन मुठीत फिरलं, निब पालथी पडली, शाई थांबली. दुसऱ्या खेपेला पेन हातातून सुटलं आणि गडगडत मेहरुनबीच्या पायाशी जाऊन थांबलं.

पायरीवर जाऊन तात्याबानं बिडी पेटवली.

मेहरुनबी पेन उचलून पुसत होती. “आवं, त्यांची बिडी बघा.”

“बिडीत काय बघायचं?”

“पडत न्हाई.”

चांदसाहेबांनी बघितलं. त्याच उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, ह्यांच्या बेचक्यात बिडी होती. तात्याबा रस्त्यावरच्या कुणाला तरी तोच हात हलवून मोटारीची वेळ विचारत होता. राख पडत होती, बिडी जागची हलत नव्हती. बोटांनी दाबून ती चपटी झाली होती.

“हवालदार, ती बिडी द्या जरा.”

“वढताय?”

“मापाला पाहिजे.”

“मग आता तरी गोल करू नका,” मेहरुनबी म्हणाली.

“पेन गोलच असतं.”

“लेथ गोल करतं, म्हणून असतं.”

सव्वीस वर्षं आपण जिला आपली आवड समजत होतो, ती लेथची सवय निघाली, हे चांदसाहेबांना बायकोसमोर कबूल करायचं नव्हतं. त्यांनी बारीक पेन कातलं आणि मुकाट्यानं कानस घेऊन त्याच्या दोन बाजू चपट्या केल्या. बेचक्यात पेन ताठ उभं राहणार, म्हणून निबचं टोकही तसंच घासलं. मेहरुनबीनं पॉलिशचं फडकं उचललं.

“राहू दे,” ते दाढ उपटताना बोलावं तसं बोलले. “चकचकीत केलं की घसरेल.”

कानशीचे ओरखडे तसेच राहिले. असल्या पेनावर चंद्रकोर कोरायला त्यांचं मन होईना. “जागा नाही,” ते म्हणाले. जागा होती.

तात्याबानं वर्तमानपत्राच्या कडेला सात वेळा सही केली. अक्षरं भिंतीला टेकून उभ्या माणसांसारखी मागं कलली होती.

“ही माजी सही न्हवं.”

“मग कुणाची?”

तात्याबानं ती कड फाडून खिशात ठेवली. “आता माजीच म्हनायची,” तो म्हणाला आणि शेवटच्या मोटारीला निघाला.

पुढच्या शनिवारी पोस्टकार्ड आलं. अक्षर मागं कललेलं.

‘सही केली. मला मुद्दाम शेवटी बोलावलं, आणि सगळे माना लांब करून बघत होते. पडलेला उमेदवार म्हणाला, अक्षर चांगलं नाही. त्याचं खरं आहे. आता सगळे पेन हातात घेऊन बघतात आणि कुणी केलं म्हणून विचारतात. मी तुमचं नाव सांगतो. पण तलाठ्याकडच्या तुमच्या पेनावर आहे तशी चंद्रकोर ह्याच्यावर नाही, म्हणून कुणी मानत नाही. तरी काय करावं?’

चांदसाहेबांनी कार्ड दोनदा वाचलं. मेहरुनबी पॉलिश करता करता म्हणाली, “जागा न्हवती म्हणून कळवा.”

त्यांनी स्वतःचं गोल, गुळगुळीत पेन घेतलं आणि उत्तर लिहिलं, ‘पेन घेऊन यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. बिडी आणावी, आणखी एका चपट्या पेनाचे माप घेणे आहे.’