एक मिनिट बारा सेकंद

रामकिसन घुगे आमच्या बेटेगावच्या चाळीत चार नंबरच्या खोलीत राहतो. मी भावना. चाळ आमची, रोज सकाळी त्याचं तोंड बघते, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. माणूस गुणाचा, पण मुलखाचा हट्टी. जिंतूरहून कामाला आला तेव्हा पंचविशीतला होता. आता डोक्यावर केस मोजून घ्यावेत एवढेच उरलेत, आणि मशीनच्या आवाजानं एक कान गेलाय.

पूर्वी त्या खोलीत दोघं राहायचे, रामकिसन आणि येवल्याकडचा दामू. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, शिफ्ट बारा-बारा तासांची. एकाला दिवसपाळी असली की दुसऱ्याला रातपाळी. आठवड्यानं पाळ्या बदलायच्या, त्याही दोघांच्या एकदमच. म्हणून खोलीत खाट एक आणि गादीही एकच. हा उठून गेला की तो येऊन आडवा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी घरी असलेला बिचारा बाहेर ओट्यावर बसून राहायचा, दुसऱ्याची झोप मोडायला नको म्हणून. तीन वर्षं असे राहिले. दारातली दहा मिनिटं सोडली तर बोलणं नाही.

खरं बोलणं व्हायचं ते कॉम्प्युटरवर. दोघांनी मिळून एक जुना कॉम्प्युटर आणला होता आणि बोईसर स्टेशनजवळून गाड्यांच्या शर्यतीची सीडी. समुद्राकाठचा रस्ता, लाल गाडी, एक फेरी. किती वेळ लागला ते नावासकट पडद्यावर राहायचं. दामू कामावर जाताना रेकॉर्ड करून जायचा, रामकिसन येऊन तो मोडायचा आणि मगच झोपायचा. मी म्हणायची, "अरे खरा समुद्र शिरगावला हाय, रिक्षानं जाऊन या की." पण दोघांना एकत्र सुट्टी कधी मिळालीच नाही.

मग दामूचं लग्न ठरलं आणि तो वापीला गेला. जाताना शेवटची फेरी मारली, एक मिनिट बारा सेकंद. आणि कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहिलं, 'रेकॉर्ड मोडलास की फोन कर', खाली नंबर. तेव्हा रामकिसनकडे मोबाईल नव्हता. म्हणजे फोन व्हायचा तर ह्याच्याकडूनच व्हायचा.

आता दुसरा कोणी असता तर महिन्याभरात फोन करून मोकळा झाला असता. ह्यानं ते लिहिलेलं वचन असल्यासारखं धरलं. रेकॉर्ड मोडल्याशिवाय फोन करायचा नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, अठरा गेली. खोलीला रंग दिला तेव्हा कपाटाच्या दारावर ह्यानं वर्तमानपत्र चिकटवलं, रंग लागू नये म्हणून. मोबाईल आला, दुसरा आला. मी रोज डोकं फोडायची. "काखेत कळसा न् गावाला वळसा. खिशात फोन हाय, लाव की." तो म्हणायचा, "वहिनी, तोंड कसं दाखवू? एक मिनिट तेराच होतंय."

लग्न त्याचं झालं नाही. मुली बघायला गावी जायचा, बोलणी अर्धवट असताना रजा संपायची. नंतर गावाकडून कोणी विचारायचंही थांबलं. खोलीत दुसरा गडी ठेव म्हटलं तर नको म्हणाला. मला त्याचा राग यायचा, आणि संध्याकाळी त्याच्या खोलीतून त्या खोट्या गाडीचा आवाज आला की जेवणातली एक वाटी त्याच्यासाठी काढून ठेवायची.

यंदा कॉम्प्युटरच मरायला टेकला. पडदा मध्येच काळा व्हायचा. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, भाऊ, ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत, महिनाभर चालला तर नशीब. रामकिसनचं जेवण कमी झालं. गेल्या शुक्रवारी सुट्टी होती त्याला. दुपारी वालाचं बिरडं द्यायला गेले तर हा बनियनवर घामाघूम, बोटं बटणांवर. मी वाटी हातात धरून उभी. गाडी शेवटच्या वळणावरून गेली आणि पडद्यावर आलं, एक मिनिट अकरा सेकंद.

रामकिसन उठला, कपाट उघडलं आणि दारावरचा नंबर लावला. ऐकू येत नाही म्हणून फोन मोठ्या आवाजावर. नंबर एवढ्या वर्षांनी लागेल असं मला वाटत नव्हतं, पण लागला.

"दामू, मी रामकिसन. बेटेगाव. रेकॉर्ड मोडला बघ."

"कसला रेकॉर्ड?"

"गाडीचा."

"कोणाच्या गाडीचा? ॲक्सिडेंट झाला का काय?"

रामकिसननं गेम सांगितला, लाल गाडी सांगितली, कपाटावर लिहिलेलं सांगितलं. दामू म्हणाला, "असेल बाबा. मला काही आठवत नाही त्यातलं."

मला वाटलं, रामकिसन आता फोन बंद करतो. मी वाटी ठेवून दिली.

तेवढ्यात दामूच बोलायला लागला. "तू माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायचास ते आठवतंय. थंडीत कामावरून यायचो तर गादी तुझ्या अंगानं गरम असायची. इकडं आलो न् पहिल्या थंडीत गार गादीवर झोपच लागेना. बायकोला म्हटलंसुद्धा, आमचा रामकिसन असता तर. लई वाट बघितली तुझ्या फोनची. नंतर वाटलं, विसरला असेल." मग त्यानं विचारलं, "का नाही केलास रे फोन इतकी वर्षं?"

रामकिसननं पडद्याकडे बघितलं. तो काळा झाला होता.

"शिफ्ट होती रे," रामकिसन म्हणाला.